पर्वत सरकले कसे, हे खडकांतल्या चुंबकत्वावरून कसं कळतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूगोल-भूशास्त्राचे विद्यार्थी, किल्ल्यांवर भटकणारे आणि लडाखला जाऊन आलेले लोक पुराचुंबकत्वाबद्दल, म्हणजे खडकांत टिकून राहिलेल्या जुन्या चुंबकत्वाबद्दल, जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरण मुख्यतः हिमालयाचं घेतलं आहे, कारण त्या गोष्टीची एक बाजू आपल्या दख्खनच्या काळ्या दगडात आहे.

खडकात चुंबकत्व येतं कुठून?

बहुतेक खडकांत लोहाच्या ऑक्साइडचे बारीक कण असतात. त्यांत मॅग्नेटाइट आणि हेमाटाइट ही दोन खनिजं महत्त्वाची. मॅग्नेटाइट सुमारे ५८० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की त्याचं कायमचं चुंबकत्व नाहीसं होतं. हेमाटाइटची हीच मर्यादा ६७५ अंशांच्या आसपास आहे. या मर्यादेला क्यूरी तापमान म्हणतात. लाव्हा थंड होत होत या तापमानाखाली आला, की कणांमध्ये त्या क्षणी असलेल्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा नोंदली जाते आणि कोट्यवधी वर्षं टिकू शकते. ती इतकी का टिकते, याचं गणित लुई नील या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४९ मध्ये मांडलं. चुंबकत्वावरच्या कामासाठी त्याला १९७० चं नोबेलही मिळालं.

इथे एक गैरसमज सर्रास आढळतो: लाव्ह्यातले कण होकायंत्राच्या सुईसारखे गरकन वळतात आणि मग खडक घट्ट होतो. तसं होत नाही. ५८० अंशांना लाव्हा केव्हाच घट्ट झालेला असतो. कण जागचे हलत नाहीत, त्यांच्या आतलं चुंबकत्व तेवढं दिशा धरतं. कण खरोखर वळतात ते गाळाच्या खडकांत, म्हणजे तळ्याच्या किंवा समुद्राच्या तळाशी हळूहळू बसताना. या फरकामुळे पुढे मोठा घोळ होतो, तो खाली येईलच.

त्या दिशेवरून जागा कशी कळते?

चुंबकीय सुई मोकळी टांगली तर ती दोन गोष्टी सांगते. उत्तरेपासून डावी-उजवीकडे किती वळली, तो दिक्पात. आडव्या पातळीपासून खाली किंवा वर किती झुकली, ती नती. विषुववृत्तावर नती शून्य, ध्रुवावर ९० अंश. मधल्या ठिकाणांसाठी सूत्र सोपं आहे: नतीचा टॅन हा अक्षांशाच्या टॅनच्या दुप्पट असतो.

उदाहरणार्थ, नती ४५ अंश. त्याचा टॅन १, त्याचा निम्मा ०.५, म्हणजे अक्षांश साधारण साडेसव्वीस अंश. दहावीच्या कॅल्क्युलेटरवर होणारं गणित आहे.

मात्र हे सूत्र सरासरी क्षेत्राला लागू पडतं, आजच्या एका दिवसाच्या क्षेत्राला नाही. सूत्राप्रमाणे अलिबागला सुई ३४ अंश झुकायला हवी. प्रत्यक्षात ती त्याहून बरीच कमी झुकते, कारण सध्या शून्य नतीची रेषा भूगोलातल्या विषुववृत्तावरून न जाता भारताच्या दक्षिण टोकाजवळून, तिरुनेलवेलीच्या बाजूने जाते. काही हजार वर्षांची सरासरी घेतली की अशी हेलकावणी एकमेकांना खोडून काढतात. म्हणून एकाच लाव्हाथरातला एक दगड कितीही नीट मोजला तरी त्यावरून अक्षांश सांगणं हा आगाऊपणा ठरतो. वेगवेगळ्या काळात वाहिलेले अनेक थर लागतात.

यात महाराष्ट्राचा काय संबंध?

चांगलाच संबंध आहे. खंड सरकतात, ही कल्पना भल्याभल्यांना हास्यास्पद वाटत होती त्या काळात, म्हणजे १९५० च्या दशकात, भारत दक्षिणेकडून आला याचा चुंबकीय पुरावा दख्खनच्या बसाल्टमधून पुढे आला. केंब्रिजमध्ये टेड अर्व्हिंग या विद्यार्थ्याने भारतातल्या खडकांचे नमुने मोजून हेच सांगितलं. त्याला तिथे पीएचडी मिळाली नाही, ही त्या विद्यापीठाच्या इतिहासातली एक मजेदार नोंद. पुढे लंडनला आलेले भौतिकशास्त्रज्ञ पी. एम. एस. ब्लॅकेट यांनी आधी मँचेस्टरमध्ये असताना वेगळ्याच प्रयोगासाठी एक अतिसंवेदनशील चुंबकत्वमापक बनवला होता. फिरणाऱ्या जड वस्तूत आपोआप चुंबकत्व येतं का, हे त्यांना सोन्याचं नळकांडं वापरून बघायचं होतं. ते काही येत नाही, असं ठरलं. यंत्र मात्र खडकांच्या कामी आलं. त्यांच्या गटातल्या क्लेग आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये दख्खनवरचे निष्कर्ष छापले. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे हे क्लेग यांच्याबरोबर झारखंडमधल्या राजमहालच्या बसाल्टवर काम करून १९५८ मध्ये त्याच दिशेचा निष्कर्ष घेऊन आले.

दख्खनचे बहुतेक थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. त्या वेळी पृथ्वीचं क्षेत्र बराच काळ उलटं होतं, म्हणजे आजची उत्तर तेव्हा दक्षिण. म्हणून घाटातल्या जाड थरांची सुई दक्षिणेकडे आणि खाली रोखलेली मिळते. महाबळेश्वरच्या बाजूला वरच्या थरांत गेलात की ती उत्तरेकडे आणि वर रोखलेली मिळते, कारण मधल्या काळात क्षेत्र पुन्हा पलटलं. दोन्ही दिशा एकमेकींच्या अगदी विरुद्ध, आणि दोन्हींवरून जागा एकच निघते: विषुववृत्ताच्या दक्षिणेला २५ ते ३० अंशांच्या आसपास. पुणे आज साडेअठरा अंश उत्तरेला आहे. म्हणजे ढोबळ हिशोबाने पाच हजार किलोमीटरचा प्रवास, वर्षाला सरासरी सात-आठ सेंटिमीटर. शिवाय दिशा खऱ्या उत्तरेपासून वीसेक अंश पश्चिमेला कललेली आहे, म्हणजे येता येता भारत घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने थोडा फिरलाही.

मग सह्याद्रीही असाच सरकून, दाबला जाऊन तयार झाला का?

नाही. सह्याद्री ही उभी तुटलेली, झिजलेली पठाराची कड आहे. थर जवळजवळ आडवे आहेत, राजगडावरून समोर बघितलं तरी दिसतं. वली पर्वत म्हणजे हिमालय, आल्प्स, अँडीज: थर चुरगळलेले, एकमेकांवर चढलेले. पुराचुंबकत्वाला दख्खन आवडतं ते याच कारणासाठी. न दुमडलेला, न भाजलेला खडक म्हणजे तुलनेसाठी भरवशाची मोजपट्टी.

पर्वतरांगेत ही मोजपट्टी लावतात कशी?

रांगेतल्या एखाद्या जुन्या खडकाची दिशा मोजायची. त्याच वयाच्या, पण रांगेबाहेरच्या स्थिर प्रदेशावरून तिथे कोणती दिशा अपेक्षित होती ते काढायचं. मग दोन्हींची वजाबाकी. नतीतला फरक सांगतो की तुकडा उत्तर-दक्षिण किती सरकला. दिक्पातातला फरक सांगतो की तो जागच्या जागी किती फिरला. समजा अपेक्षित दिक्पात ३५० अंश आणि खडकात सापडला ३० अंश, तर तो डोंगर घड्याळाच्या दिशेने ४० अंश फिरला.

हिमालयात नक्की काय सापडलं?

दख्खनमध्ये लाव्हा वाहत होता त्याच सुमाराचे तीन ठिकाणांचे पत्ते शोधून बघा. पुणे-सातारा भाग दक्षिणेला पंचवीस-तीस अंशांवर. ल्हासाच्या आसपासचा, म्हणजे आशियाच्या दक्षिण काठावरचा प्रदेश उत्तरेला साधारण २० अंशांवर (ल्हासा आज साडेएकोणतीसवर आहे). मधे टेथिस हा आता नाहीसा झालेला समुद्र. तिसरा पत्ता लडाखचा. बाईकवरून खार्दुंग-ला गाठून फोटो काढणाऱ्यांनी हा मुद्दा नीट ऐकावा. त्या परिसरातल्या ज्वालामुखी खडकांवर क्रेग मार्टिन आणि सहकाऱ्यांनी केलेलं काम २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. ६.६ ते ६.२ कोटी वर्षांपूर्वी ते खडक ८ अंश उत्तरेला, म्हणजे विषुववृत्ताजवळ होते, असा त्यांचा आकडा आहे. त्यात साडेपाच अंशांची कमीजास्त शक्यता धरलेली आहे.

याचा अर्थ काय? लडाखच्या ज्वालामुखींची माळ तेव्हा आशियाला चिकटलेली नव्हती. ती समुद्रात मधेच होती, आजच्या इंडोनेशियाकडे दिसतात तशा बेटांची रांग. मग भारत थेट आशियावर आदळला, या शाळेतल्या आकृतीची पंचाईत होते. आधी भारत किंवा त्याचा काही भाग या बेटांच्या रांगेला भिडला आणि नंतर हे सगळं मिळून आशियाला, असा दोन टप्प्यांचा क्रम या गटाने सुचवला.

सगळ्यांना तो मान्य नाही. डाउवे व्हान हिन्सबर्गन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये वेगळी मांडणी केली होती. त्यांच्या मते भारताच्या उत्तर काठाचा एक तुकडा आधीच सुटून पुढे गेला, तो सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला, आणि मुख्य भारत त्याच्यामागे बऱ्याच उशिरा, अडीच ते दोन कोटी वर्षांपूर्वी पोचला. मधे एक समुद्र होता, तो गिळला गेला.

इतकी ओढाताण का, तर हिशोब जुळत नाही म्हणून. टक्कर ५ कोटी वर्षांपूर्वी झाली असं धरलं, तर तेव्हापासून भारत आणि आशिया एकमेकांच्या तीन हजार किलोमीटरहून जास्त जवळ आले आहेत. समुद्रतळावरच्या चुंबकीय पट्ट्यांवरून (नवा तळ तयार होताना त्या वेळच्या सुलट्या-उलट्या क्षेत्राची छाप पडून हे पट्टे होतात) हे अंतर पक्कं मोजता येतं. १९८४ मध्ये पात्रिया आणि अशाश यांनी याच पट्ट्यांवरून दाखवलं की भारताचा वेग त्या सुमारास एकाएकी पडला. पण हिमालयातल्या चढलेल्या थरांच्या घड्या उलगडून मोजल्या तर हजार किलोमीटरही भरत नाहीत. तिबेटच्या बाजूचं आकुंचन मिळवलं तरी तूट उरते. राहिलेली जमीन गेली कुठे? ती खाली आवरणात, म्हणजे कवचाखालच्या थरात गेली, की मुळात जमीन नव्हतीच, समुद्र होता? माझ्या मते लडाखचा आकडा दोन टप्प्यांच्या बाजूने वजन टाकतो, पण एवढ्या एका ठिकाणावरून निकाल लावू नये.

हिमालयाची रांग धनुष्यासारखी वाकलेली आहे. ती जन्मतःच तशी, की नंतर वाकली?

वाकड्या रांगांबद्दलचा हा जुना वाद आहे. नंतर वाकलेल्या रांगेला 'ओरोक्लाइन' हे नाव ऑस्ट्रेलियातले वॉरन कॅरी यांनी १९५५ मध्ये दिलं. चाचणी सरळ आहे: रांग आधी सरळ होती आणि नंतर वाकली असेल, तर कमानीच्या दोन्ही बाजूंच्या खडकांतले दिक्पातही तितकेच वळलेले मिळायला हवेत. जन्मतःच वाकडी असेल तर सगळीकडे दिक्पात एकच.

उत्तर स्पेनमधली कँटाब्रियाची कमान हे याचं सुरेख उदाहरण. ती जवळजवळ घोड्याच्या नालाइतकी वळलेली आहे आणि दिक्पातही तिच्याबरोबर वळत जातात. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी, भूशास्त्राच्या मानाने झटपट, दहाएक दशलक्ष वर्षांत ती वाकली. जपानची गोष्ट त्याहून चटकदार. दीड कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास नैऋत्य जपान घड्याळाच्या दिशेने ४० अंशांहून जास्त फिरला, ईशान्य जपान उलट दिशेने फिरला, आणि वाड्याच्या दिंडीची दोन दारं उघडावीत तसा मधे जपानचा समुद्र उघडला.

हिमालयात चित्र मिश्र आहे. टोकांकडे, विशेषतः काश्मीर आणि पाकिस्तानातला हजारा भाग यांच्या वळणापाशी, तुकडे चांगलेच फिरलेले आहेत. पण तिथे इतक्या भेगा आणि इतके छोटे ठोकळे आहेत की शेजारच्या दोन दऱ्यांतले आकडेही जुळत नाहीत. अशा ठिकाणी पूर्ण रांगेबद्दल विधान करणाऱ्या लेखांकडे थोडं सावधपणे बघावं.

नमुना काढतात कसा? दगड फोडून पिशवीत घालायचा का?

तसा दगड निरुपयोगी. तो जमिनीत कसा बसला होता हे माहीत नसेल तर त्याच्यातल्या दिशेला अर्थ नाही.

पाठीवर नेता येईल असं पेट्रोलवर चालणारं ड्रिल असतं, टोकाला हिऱ्याचे कण बसवलेली नळी. एकजण ड्रिल धरतो, दुसरा बाटलीला पंप मारून पाणी सोडत राहतो, कारण नळी तापली तर हिरेही गेले आणि नमुन्यातलं चुंबकत्वही बिघडलं. अडीच सेंटिमीटर जाडीची कांडी खडकात सुटी होते. ती बाहेर काढण्याआधी भोकात फट असलेली पितळी नळी सरकवतात, तिच्यावरच्या पट्टीवर कल आणि दिशा वाचतात, आणि फटीतून पितळी तार ओढून कांडीवर रेघ मारतात. मग कांडी उचकटून रेघेवर बाणाची टोकं आणि क्रमांक काढायचा. घामाच्या हाताने शाई पुसली गेली तर ती कांडी टाकून द्यायची.

बसाल्टवर होकायंत्रावर भरवसा ठेवत नाहीत, कारण खडकच सुई ओढतो. तिथे सूर्यकंपास वापरतात: काडीची सावली कुठे पडली आणि घड्याळात किती वाजले एवढ्यावर दिशा निघते. ढग आले की बसून राहायचं.

प्रयोगशाळेत नमुना टप्प्याटप्प्याने तापवतात, १०० अंश, २०० अंश, असं करत ५८० किंवा ६८० पर्यंत, आणि प्रत्येक टप्प्यानंतर उरलेलं चुंबकत्व मोजतात. अलीकडची कच्ची छाप आधी धुतली जाते, जुनी शेवटी उरते. भट्टी आणि मापक पृथ्वीच्या क्षेत्रापासून झाकलेले असावे लागतात. हे काम किती नाजूक, याची मुंबईकरांना ओळखीची खूण म्हणजे कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर तिचं काम अलिबागला हलवावं लागलं. १९०४ पासून तिथे नोंदी सुरू आहेत.

खडकाची दिशा खोटी असू शकते का?

हो, आणि पर्वतरांगेत तर हमखास. या शास्त्रातली खरी मेहनत दिशा मोजण्यात कमी आणि ती दिशा केव्हाची आहे हे सिद्ध करण्यात जास्त जाते. पर्वत उभा राहताना खडक दबतो, तापतो, त्यातून गरम पाणी फिरतं, नवं मॅग्नेटाइट तयार होतं. जुनी नोंद पुसून नवी बसते, आणि ती दिसायला तितकीच स्वच्छ असते.

यावरचा सर्वात जुना उपाय जॉन ग्रॅहम यांनी १९४९ मध्ये सांगितला: घडीची चाचणी. दुमडलेल्या थराच्या दोन्ही बाजूंचे नमुने घ्यायचे आणि गणिताने थर पुन्हा सपाट करायचे. सपाट केल्यावर दिशा एकवटल्या तर चुंबकत्व घडीच्या आधीचं. विस्कटल्या तर नंतरचं. गोट्यांच्या खडकाचीही अशीच चाचणी आहे: त्यातल्या गोट्यांच्या दिशा अस्ताव्यस्त मिळाल्या तर मूळ चुंबकत्व टिकलं म्हणायचं, सगळ्या गोट्या एकाच दिशेने बोलायला लागल्या तर काहीतरी गडबड आहे.

तिबेटी हिमालयातल्या गाम्बा भागातले चुनखडक हे सावध करणारं उदाहरण. भारताचा उत्तर काठ केव्हा कुठे होता, याच्या कितीतरी हिशोबांत त्यांचे आकडे वापरले गेले. मग वेनताओ हुआंग आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली कण तपासले. चुंबकत्व वाहणारं मॅग्नेटाइट मूळ गाळातलं नव्हतं, पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाचं ऑक्सिडीकरण होऊन नंतर तयार झालेलं होतं. म्हणजे दिशा खरी, पण तारीख चुकीची. टक्करीची वेळ त्या आकड्यांवर ठरवणाऱ्यांना पुन्हा बसावं लागलं.

दुसरा घोळ गाळाचा, वर उल्लेखलेला. तळाशी बसताना आणि वरच्या थरांच्या वजनाखाली दबताना कण आडवे होतात, नती खऱ्यापेक्षा कमी दिसते आणि प्रदेश विषुववृत्ताच्या जास्त जवळ असल्याचा भास होतो. आशियातल्या लाल वाळूखडकांमुळे हा गोंधळ अनेक वर्षं चालला. हल्ली त्यासाठी दुरुस्ती करतात, तरी जिथे लाव्हा मिळतो तिथे लाव्ह्यालाच पसंती.

रेखांशही कळतो का?

नाही. पूर्व-पश्चिम सरकलेल्या तुकड्याच्या नतीत काही फरक पडत नाही. त्यासाठी समुद्रतळावरचे पट्टे, तप्तस्थळांच्या माळा (खोलातून उष्णता वर येते अशा जागांवर झालेल्या ज्वालामुखींच्या रांगा) किंवा जीवाश्म यांचा आधार घ्यावा लागतो. समुद्रतळही सुमारे अठरा-वीस कोटी वर्षांपलीकडचा फारसा शिल्लक नाही.

आकड्यांवर कितपत विसंबायचं?

अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. चांगल्या अभ्यासातही चार-पाच अंशांची अनिश्चितता असते, म्हणजे पाचशे किलोमीटर इकडे किंवा तिकडे. म्हणून शेदोनशे किलोमीटरच्या हालचालीसाठी नतीवर विसंबू नये. फिरण्याचे कोन त्या मानाने जास्त खात्रीने मिळतात.

आणि खडक कललेला असेल तर? वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट स्टुअर्ट या ग्रॅनाइटसारख्या डोंगराची नती अपेक्षेपेक्षा कमी आहे, असं बेक आणि नोसन यांनी १९७२ मध्ये दाखवलं. त्यावरून उत्तर अमेरिकेच्या पश्चिम काठाचा मोठा पट्टा मेक्सिकोच्या अक्षांशावरून हजारो किलोमीटर उत्तरेला आला, अशी मांडणी उभी राहिली. विरोधक म्हणाले, डोंगर नुसता एका बाजूला कलला असेल. ग्रॅनाइटला थर नसतात, त्यामुळे मूळची आडवी पातळी कोणती हे विचारायची सोय नाही. पन्नास वर्षं झाली, वाद अजून सुरू आहे.

जीपीएस असताना हे सगळं कशाला?

जीपीएस गेल्या तीसेक वर्षांचा वेग सांगतं, पाच कोटी वर्षांचा इतिहास नाही.

यावरून हिमालयाची जुनी उंची काढता येते का?

येत नाही. उंचीसाठी जीवाश्म पानं, खनिजांतली ऑक्सिजनची समस्थानिकं अशा वेगळ्या पद्धती आहेत.

किल्ल्यावर होकायंत्र भलतीकडेच वळतं. तेच का हे प्राचीन चुंबकत्व?

बहुतेक वेळा नाही. माथ्यावरच्या उघड्या कातळावर वीज पडली की तिच्या प्रवाहामुळे आसपासच्या खडकात जोरदार, वेडंवाकडं चुंबकत्व बसतं. दोन पावलांवर सुई वीस-तीस अंश फिरते, कधी पार उलटी होते. संशोधकांच्या दृष्टीने असा कातळ वाया गेलेला, म्हणून ते माथे सोडून घाटरस्त्याच्या कापांत किंवा ओढ्यांच्या पोटात नमुने शोधतात. तुम्हाला बघायचंच असेल तर होकायंत्र कातळाला जवळजवळ टेकवून हळूहळू सरकवा. मोबाइलमधलं होकायंत्रही चालतं, फक्त कव्हरमधलं लोहचुंबक आधी काढा. वाट शोधण्यासाठी मात्र होकायंत्र कातळापासून वर, छातीच्या उंचीला धरा आणि दोन-तीन ठिकाणी उभं राहून वाचन ताडून बघा. आणि किल्ल्याच्या दगडाला ड्रिल लावायला जाऊ नका. संरक्षित वास्तूंत तो गुन्हा आहे.